डबेवाल्यांच्या नावावर खपणारे चार नियम

प्रशिक्षणाच्या पडद्यावर डबेवाल्याचा फोटो आला की मी वही मिटतो. पुढचं पाठ आहे. आता तेच व्हॉट्सअ‍ॅपवरही फिरतंय. मजकूर थोडक्यात असा: मुंबईचे 5 हजार डबेवाले, फारसे न शिकलेले, चार साध्या नियमांवर रोज 2 लाख डबे पोचवतात. ‘फोर्ब्स’ने त्यांना सिक्स सिग्मा, म्हणजे जवळपास शून्य चुकांच्या दर्जाचं, प्रमाणपत्र दिलंय. मग मोठ्या कंपन्यांना आणि सरकारी खात्यांना जाडजूड नियमावल्या कशाला? चार नियम द्या, माणसं आपोआप बदलतात.

सिक्स सिग्माचं आधी उरकून टाकू. फोर्ब्स हे मासिक आहे, ते प्रमाणपत्रं वाटत नाही. 1998 साली त्यात डबेवाल्यांवर लेख आला. चुका किती होतात या प्रश्नावर संघटनेच्या अध्यक्षांचं उत्तर होतं: जवळपास नाहीतच, दोन महिन्यांतून एखादी. डब्यांच्या संख्येशी त्याचा हिशेब घालून आकडा निघाला. सिक्स सिग्मा हा शब्द आपण वापरलाच नव्हता, असं लेखकाने पुढे स्पष्ट केलं. तरी कुठे 60 लाखांत एक चूक, कुठे 1.6 कोटींत एक. फॉरवर्ड बदलला की आकडाही बदलतो.

“फक्त चार नियम.” नियम थोडे आहेत हे खरं. कामावर दारू नाही, डोक्यावर टोपी हवी, न सांगता दांडी मारायची नाही. मोडलं तर दंड. पण ते कशावर उभे आहेत ते बघा. वीस-पंचवीस जणांची टोळी, तिचा एक मुकादम, आणि खर्च वजा जाता उरलेली कमाई सारखी वाटून. बहुतेक माणसं मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या पट्ट्यातली, नवा गडी ओळखीतून आलेला. इथे दांडी मारली तर साहेबाची नव्हे, शेजारच्या भावकीतल्याची कमाई बुडते, आणि ती गोष्ट जत्रेपर्यंत गावात पोचते. हे सगळं सोडून कंपनीवाले डबा कुठे जायचा ते सांगणाऱ्या, झाकणावरच्या रंगीत खुणांचा फोटो तेवढा घेऊन जातात.

शिवाय डबा जातो लोकलने. लोकल मिनिटाच्या हिशेबाने धावते ती रेल्वेच्या जाडजूड नियमावल्यांमुळेच. कुणीतरी ते बाड सांभाळतंय, म्हणून टोळीला चार नियम पुरतात.

“माणसं आपोआप बदलतात.” जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेआधी-नंतर तपासायची 19 मुद्द्यांची यादी आहे. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती काळजीपूर्वक रुजवली तेव्हा मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आलं, असा अहवाल 2009 मध्ये आला. मग कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात तीच पद्धत सरसकट लागू झाली. तिथल्या 101 रुग्णालयांचा अभ्यास 2014 मध्ये आला: यादी भरल्याची नोंद जवळपास सगळीकडे, मृत्यूंत दखल घ्यावी अशी घट नाही. खुणा झाल्या, काम तेच राहिलं. आमच्याकडे सह्यांचं रजिस्टर असंच भरतं, शुक्रवारी, आठवड्याचं एकदम.

आणि मुळात डबेवाले हे बदलाचं उदाहरणच नव्हे. 1890च्या सुमारास सुरू झालेली ही व्यवस्था टिकली ती न बदलता, आणि तेच तिचं मोठेपण. मार्च 2020 मध्ये लोकल थांबल्या तसे डबेही थांबले. नंतर ऑफिसं घरून चालू लागली, गिऱ्हाईक तुटलं, कित्येक जण गावी शेताकडे वळले. त्यांनी एकही नियम मोडला नव्हता. पण गिऱ्हाईकच उरलं नाही तर काय करायचं, हे त्या नियमांत कुठे होतं?

बदलासाठी साधा नियम वापरल्याचं उदाहरण हवंच असेल तर जनरल मोटर्स या अमेरिकी मोटार कंपनीतलं घ्या. 2009च्या सुमारास मेरी बारा तिथे मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख होत्या. पोशाखाबद्दलची दहा पानी नियमावली काढून त्यांनी दोनच शब्द ठेवले, अर्थ इतकाच की प्रसंगाला शोभतील असे कपडे घाला. ही गोष्ट फॉरवर्ड करणारे इथेच थांबतात. पुढे झालं ते असं, की एका वरिष्ठ अधिकाऱ्याने तक्रार केली: आमच्या लोकांना कधीकधी ऐनवेळी सरकारी अधिकाऱ्यांना भेटावं लागतं, तेव्हा नियम नीट लिहून द्या. बारांनी लिहून दिलं नाही. तुमच्या माणसांशी बोला म्हणाल्या. तो बोलला. अशा भेटींना जाणारे चौघंच निघाले, आणि त्यांनी एकेक चांगली पँट लॉकरमध्ये ठेवायचं ठरवलं.