क्रांती भुकेतून येते? पाच ‘लक्षणां’चा प्रतिवाद

श्रीलंका, बांगलादेश, नेपाळ. शेजारची तीन सरकारे काही वर्षांत रस्त्यावरच्या गर्दीपुढे कोसळली आणि तेव्हापासून एक दावा हातोहात फिरतो आहे: लोक उपाशी राहू लागले, राज्यकर्ते चैनीत लोळू लागले, तरुण मोबाइलवर एकत्र आले, लाखोंची गर्दी रस्त्यावर उतरली, की क्रांती अटळ. दाखल्याला फ्रान्स आणि रशिया. हा दावा फक्त जनतेच्या हालांकडे पाहतो. राज्यसत्तेच्या तिजोरीकडे आणि बंदुकीकडे पाहतच नाही, आणि राज्ये कोसळतात ती तिथे.

‘लोक उपाशी राहिले की उठाव होतो.’ १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मेली, पण भुकेल्यांचा उठाव झाला नाही. रशियात १८९१-९२ च्या दुष्काळात लाखो दगावले. झारशाही त्यानंतर २५ वर्षे टिकली. उपाशी माणूस गाव सोडतो, अन्नछत्र शोधतो. संघटना बांधायला लागणारे त्राण, वेळ आणि पैसा त्याच्याकडे उरत नाही.

आपल्याकडचाच दाखला घ्या. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढला आणि दख्खनच्या शेतकऱ्याला सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळला. त्यातच नव्या जमाबंदीने शेतसारा वाढवला आणि नेमक्या त्याच वेळी सावकारांनी हात आखडला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजारपेठेच्या गावी आसपासचे शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे मागितले. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. जाळायचे काय हे त्यांना पक्के ठाऊक होते: ज्याच्या बळावर कोर्टात जप्ती मिळते तो कागद. खरा भीषण दुष्काळ आला त्यानंतर, १८७६ ते १८७८ मध्ये. त्यात लाखो मेले, पण गावोगावी पसरलेला तसा उठाव पुन्हा झाला नाही. वासुदेव बळवंत फडके यांचे १८७९ चे बंड काही महिन्यांतच मोडले गेले.

म्हणून लक्ष ठेवायचे ते चढता काळ अचानक मोडण्यावर. इराणमध्ये १९७३-७४ ला तेलाचा भाव जवळपास चौपट झाला, खेड्यांतून माणसे बांधकामांवर आली. १९७७ मध्ये महागाई आवरायला सरकारने खर्च आवळला आणि हेच मजूर रिकामे झाले. वर्षभरात देश पेटला.

‘राज्यकर्त्यांच्या उधळपट्टीने फ्रान्स बुडाला.’ ‘ब्रेड नसेल तर केक खा’ हे वाक्य फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतच्या तोंडी कुणीतरी नंतर घातले. विचारवंत रूसोने ते एका अनाम राजकन्येच्या नावावर लिहिले तेव्हा मारी ऑस्ट्रियात वाढणारी लहान मुलगी होती. क्रांतीच्या आदल्या वर्षी, १७८८ च्या हिशेबात, दरबाराचा खर्च साधारण ६ टक्के. कर्जाचे हप्ते आणि व्याज मात्र खर्चाच्या निम्म्याच्या घरात. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला दिलेली मदत कर्ज काढून दिली होती. सरदार आणि चर्च यांना मोठ्या करांतून सूट होती. ती काढायला गेले की वरिष्ठ न्यायसभा राजाचे फर्मान नोंदवून घ्यायलाच नकार देत, आणि नोंदीशिवाय ते लागू होत नसे. ऑगस्ट १७८८ मध्ये खजिना रिता झाला, राजाला सरदार, चर्च आणि सामान्य अशा सर्व वर्गांची सभा बोलावणे भाग पडले आणि देणीही थांबली. पाव महाग होता हे खरेच. १३ जुलै १७८८ च्या गारपिटीने पीक झोपवले होते. पण त्या महागाईला राजकीय वाट मिळाली ती या सभेच्या निवडणुकांमुळे, कारण गावोगावी तक्रारींच्या याद्या लिहून मागवल्या गेल्या.

तेव्हा पाहायचे ते हे: महसुलातला किती हिस्सा व्याजात जातो, परकीय चलनाची गंगाजळी किती आठवड्यांच्या आयातीला पुरेल. श्रीलंकेने २०१९ च्या अखेरीस मूल्यवर्धित कर १५ वरून ८ टक्क्यांवर आणला. १२ एप्रिल २०२२ ला परकीय कर्जाची फेड थांबली, आणि मे महिन्यात वापरता येण्याजोगी गंगाजळी ५ कोटी डॉलरच्याही खाली होती.

‘मोबाइल आणि समाजमाध्यमे क्रांती घडवतात.’ इजिप्तच्या सरकारने आंदोलन दाबायला २८ जानेवारी २०११ ला इंटरनेट बंद पाडले. त्याच दिवशी, शुक्रवारच्या नमाजानंतर, तोवरची सर्वांत मोठी गर्दी बाहेर पडली. गरज असते ती न सांगता सगळ्यांना ठाऊक असलेल्या तारखेची आणि जागेची. इराणमध्ये ९ जानेवारी १९७८ ला कोम शहरात आंदोलकांवर गोळीबार झाला. शिया प्रथेप्रमाणे मृतांचा चाळिसावा दिवस पाळायचा म्हणून १८ फेब्रुवारीला तब्रीझमध्ये लोक जमले. तिथेही माणसे मेली आणि पुढची तारीख आपोआप ठरली.

‘लाखो लोक उतरले की सरकार पडते.’ हा मुद्दा सर्वांत घातक, कारण त्यावर विसंबून माणसे जीव गमावतात. १९८९ मध्ये बीजिंगमध्ये लोकशाही मागणारे लाखो लोक रस्त्यावर होते, आदल्या वर्षी महागाईही प्रचंड होती. ३८ व्या सैन्यदलाच्या सेनापतीने आदेश नाकारला, तरी इतर तुकड्या आणल्या गेल्या आणि सत्ता टिकली. रशियात १९०५ च्या डिसेंबरमध्ये मॉस्कोचा उठाव सेम्योनोव्स्की रेजिमेंटने चिरडला.

१९१७ ला काय बदलले? तेव्हाची राजधानी पेट्रोग्राडच्या छावणीत मुरलेले सैनिक थोडे. बहुतेक नवे रंगरूट आणि जखमांतून उठलेले, दाटीवाटीने कोंबलेले, आघाडीवर जायच्या धास्तीत. जुन्या पंचांगाच्या २६ फेब्रुवारीला, रविवारी, व्होलिन्स्की रेजिमेंटच्या प्रशिक्षण तुकडीने झ्नामेन्स्काया चौकात गर्दीवर गोळ्या झाडल्या. रात्री बराकीत त्यांनी ठरवले की पुन्हा झाडायच्या नाहीत. सकाळी त्यांच्या अधिकाऱ्याचा खून झाला, तुकडी शेजारच्या बराकींकडे निघाली. संध्याकाळपर्यंत हजारो सैनिक गर्दीत मिसळले होते, आणि २ मार्चला झारने पद सोडले. म्हणून डोकी मोजण्याआधी हे विचारा: राजधानीत कोणती तुकडी आहे, ती कुठल्या मुलखातली, तिला रोज स्वतःच्याच शहरावर बंदूक रोखावी लागते का, आणि वरून येणारा आदेश एकाच तोंडून येतो का.

‘लक्षणे दिसली की क्रांती अटळ.’ ऑगस्ट १९७८ मध्ये अमेरिकी गुप्तचर खात्याचा निष्कर्ष होता की इराण क्रांतीच्या किंवा क्रांतिपूर्व अवस्थेतही नाही. पुढच्या पाच महिन्यांत तेलकामगारांच्या संपाने इराणच्या राजाचे, शाहचे, उत्पन्न आटवले आणि १६ जानेवारी १९७९ ला तो देश सोडून गेला. उलट श्रीलंकेत ९ जुलै २०२२ ला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले, राष्ट्राध्यक्ष पळाले, तरी राज्यघटना जागच्या जागी राहिली. २० जुलैला जुन्याच संसदेने रानिल विक्रमसिंघे यांना निवडले, आणि २२ च्या पहाटे सैन्याने आदेश मानून कोलंबोतल्या गॉल फेस मैदानाजवळचा आंदोलकांचा तळ उठवला.