गॅस वाचवण्यासाठी अलार्मचा फ्यूज काढू नका

‘ट्रॅव्हल ट्रेलरमधला प्रोपेन थंडीत पंधरा दिवस पुरवण्याचे उपाय’ या मथळ्याचा एक संदेश सध्या हातोहात फिरतो आहे. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचे फिरते घर, आणि प्रोपेन म्हणजे त्यात वापरायचा सिलिंडरमधला गॅस. तो माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत पोहोचला आणि तिने मला विचारले, “दादा, रात्री गॅसचा अलार्म सारखा वाजतो. यात त्याचा फ्यूज काढायला सांगितलंय, काढू का?” त्याआधीच्या रात्री त्याच संदेशातला आणखी एक उपाय तिने करूनही पाहिला होता. खिडक्या बंद करून, स्वयंपाकाची शेगडी पेटती ठेवून तिने ट्रेलर उबदार ठेवला होता. हे वाचल्यावर गप्प बसणे मला शक्य नव्हते.

संदेश म्हणतो की फर्नेसची, म्हणजे ट्रेलर तापवणाऱ्या गॅस हीटरची, अर्धी उष्णता बाहेर जाते, शेगडीची मात्र सगळी आत राहते. फर्नेसच्या नळीतून उष्णता बाहेर जाते हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. पण ती अर्धी नव्हे, साधारण पाचवा ते चौथा हिस्सा असते, आणि ती जाते कारण तिच्याबरोबर धूर बाहेर जातो. फर्नेस ज्वलनासाठी हवा बाहेरून घेते आणि जळालेला वायू बाहेर सोडते. शेगडी हे दोन्ही व्यवहार तुम्ही झोपलेल्या खोलीतच करते. एक किलो प्रोपेन जळताना साडेतीन किलोंहून अधिक ऑक्सिजन खर्च होतो आणि दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ तयार होते. बहिणीने सकाळी काढलेल्या फोटोत खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळत होते आणि उशीजवळची भिंतही ओलसर दिसत होती. तिला वाटले, बाहेरच्या थंडीने दव धरले असेल. त्यातले बरेचसे पाणी शेगडीतून आलेले होते. ऑक्सिजन कमी पडू लागला की त्याच ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघू लागतो, आणि त्याला ना वास असतो ना रंग. अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या ‘एनएफपीए ११९२’ या मानकानुसार अशा वाहनांत शेगडीजवळ सूचनापट्टी लावावी लागते: ऊब मिळवण्यासाठी शेगडी वापरणे सुरक्षित नाही, आणि स्वयंपाक करतानाही छताची झडप किंवा पंखा व खिडकी उघडी ठेवावी. बहिणीच्या शेगडीजवळही ती पट्टी आहे. संदेश लिहिणाऱ्याने ती कधी वाचलेली दिसत नाही.

आता फ्यूज. अलार्म बॅटरी संपवतो म्हणून तो बंद करावा, असे संदेशात आहे. अलार्मला जेमतेम अँपिअरच्या दहाव्या भागाएवढी किंवा त्याहूनही कमी वीज लागते. बॅटरी खाली आणतो तो फर्नेसचा पंखा, जो कित्येक अँपिअर ओढतो. प्रोपेनचा अलार्म जमिनीलगत बसवलेला असतो, कारण हा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड असून खाली साचतो. हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या थोडे वर गेले की एक ठिणगी पुरते, आणि अलार्म त्याच्या बराच आधी वाजतो. गळती वासावरून कळेलच, हे म्हणणे जाग्या माणसापुरते ठीक आहे; झोपेत वासाने जाग येईल याचा भरवसा धरता येत नाही. काही अलार्ममध्ये कार्बन मोनॉक्साइडचा शोधकही त्याच डबीत असतो, म्हणजे रात्रभर शेगडी पेटवून वर हा फ्यूज काढणाऱ्याने दोन्ही पहारे एकाच वेळी उठवले.

बाकीचे उपाय थोडक्यात. सिलिंडर ब्लँकेटमध्ये गुंडाळण्याने उलटाच परिणाम होतो: द्रव प्रोपेनची वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता बाहेरच्या हवेतून येते, आणि ब्लँकेट तीच अडवते. थंडीत दाब उतरतो हे खरे, पण प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो, त्यामुळे नेहमीच्या हिवाळ्यात तो गोठून बसत नाही. सिलिंडर शंभर टक्के भरून घ्या, हा सल्ला धोक्याचा आहे. उन्हात द्रव फुगतो, म्हणून तो ८० टक्केच भरतात. उभा सिलिंडर आडवा ठेवला, तर वाफेऐवजी द्रव रेग्युलेटरकडे जातो.

आणि पंधरा दिवसांचा हिशोब? २० पौंडांच्या सिलिंडरमध्ये सुमारे ४ लाख ३० हजार बीटीयू (उष्णतेचे एकक) इतकी उष्णता असते. तासाला ३० हजार बीटीयू जाळणारी फर्नेस सलग चालली तर तो साधारण १४ तास पुरतो. तासातून वीस मिनिटे चालली तर दोन दिवसही पुरत नाही. त्यामुळे रोज सकाळी शिल्लक पाहणे आणि भरलेला दुसरा सिलिंडर हाताशी ठेवणे, एवढेच करण्यासारखे आहे. सिलिंडरवर कोमट पाणी ओतून वरून खाली हात फिरवा, जिथे पत्रा एकदम गार लागतो तिथे द्रवाची पातळी असते. ही एक युक्ती त्या संदेशातही आहे, आणि ती बरोबर आहे.

बहिणीला मी फ्यूज जागेवर ठेवायला, खिडक्या उघडून गळती नाही ना हे तपासून घ्यायला आणि अलार्मची मागची बाजू पाहायला सांगितले. गळती नव्हती. मागे छापलेली मुदत मात्र केव्हाच उलटून गेली होती आणि तो वाजत होता तो त्यामुळेच. तिने नवा अलार्म बसवला आहे.