अधिवेशन झाल्यावर

आमच्या कॉम्प्लेक्सला रंग द्यायचा ठराव गेल्या ऑगस्टमध्ये झाला. नागपूरच्या धरमपेठेतली तीन मजली इमारत, खाली दुकानं, वर ऑफिसं, गाळे २२ आणि मतं त्याहून जास्त. सेक्रेटरी मी. माझी पात्रता म्हणाल तर एवढीच, की माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि सभेच्या नोटिसा फुकटात निघतात.

ठराव एका ओळीचा होता: पावसाळा संपला की काम सुरू. ऑक्टोबरात पावसाळा संपला, पण दिवाळी तोंडावर. ऐन दिवाळीत दुकानापुढे परांची बांधू देईल असा व्यापारी निदान आमच्या रांगेत नाही. साडीवाले काका म्हणाले, "बांबूच्या मागून कोणी पैठणी पाहते का, बाप्पा?"

नोव्हेंबरात ठेकेदाराला फोन लावला.

"आता नाई जमत भाऊ. अधिवेशन आहे ना."

"तुम्ही कुठं अधिवेशनात?"

"आमदार निवासात. तिसरा मजला."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. १९५३ च्या नागपूर करारामुळे दर हिवाळ्यात विधिमंडळाच्या अधिवेशनाला सरकार इथं येतं. त्या करारानं विदर्भाला काय दिलं, यावर आमच्या चौकात अजून भांडणं होतात. पेंटरांना काम दिलं, एवढं मी शपथेवर सांगू शकतो. आमदार निवास, मंत्र्यांची रविभवन, नागभवन, सगळीकडे एकाच वेळी ब्रश फिरत असतात. रस्त्यातल्या दुभाजकालाही नवे काळे-पिवळे पट्टे मिळतात, आणि मी चार पोट्टे मागतो तर "अधिवेशन झाल्यावर".

जानेवारीत तीन कोटेशनं आली. पहिल्यानं टेप लावून मोजलं: ९,६०० चौरस फूट. दुसऱ्यानं खिडक्या-शटर वजा करून ८,००० काढलं. तिसरा समोरच्या पानठेल्यावर उभा राहिला, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, एक डोळा मिटलेला, आणि म्हणाला, "अकरा हजार." इमारत थंडीनं आखडते हे मान्य केलं तरी तीन हजार फूट जरा जास्तच होतात. खिडक्या का धरल्या विचारलं, तर म्हणे वजा केल्या की त्यांचे काठ आणि वरचे छज्जे वेगळे मोजावे लागतात, ते तुम्हाले परवडणार नाई. हा हिशेब कोणत्याही बाजूनं मांडला तरी त्याच्याच खिशात उतरायचा.

पहिल्याचं एका कंपनीच्या २० लिटरच्या बादलीवर फार प्रेम होतं. दुसरी कंपनी म्हटलं की त्याचा चेहरा उतरायचा. पुढे कळलं की बादलीत पेंटरसाठी टोकन असतं, त्याचे पैसे मिळतात. इतकं निर्मळ प्रेम मी क्वचितच पाहिलं आहे.

शेवटी ९,६०० वाला ठरला, कारण त्यानं निदान भिंतीला हात लावला होता.

फेब्रुवारीत शेड ठरवायला सभा. तीन तास. शेडकार्डावरचा बोटभर रंग आख्ख्या भिंतीवर भलताच भडक दिसतो, म्हणून मागच्या भिंतीवर तीन बाय तीनचे नमुने मारून घेतले होते. पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना पांढराशुभ्र हवा होता. कोचिंग क्लासवाले म्हणाले, संत्रानगरी आहे, नारंगी द्या. त्यावर एक कुजबुज उठली. मग कोणी निळा सुचवला, दुसरी कुजबुज. हिरवा तर सुचवणाऱ्यानंच मागे घेतला. या गावात भिंत रंगवली तरी लोक पक्ष विचारतात. उरला क्रीम. आधीही क्रीमच होता.

जिन्याचा विषय मात्र मिनिटभरात आटोपला. खालून चार फूट चॉकलेटी ऑइल पेंट. कारण कोणी विचारलं नाही. खर्रा खाणारे आणि न खाणारे, दोघांनीही हात वर केले. वर्षभरातला एकमेव एकमतानं मंजूर झालेला ठराव.

मार्चमध्ये दुसऱ्या मजल्यावरचे सीए म्हणाले, ३१ तारखेपर्यंत माझ्या खिडकीसमोर कोणी लटकलेलं चालणार नाही. एप्रिलमध्ये ठेकेदारानं गच्ची पाहिली, एसीच्या पाइपांतून भिंतीवर ओघळणारं पाणी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "पैले पाणी बंद करा. ओल्या भिंतीवर मारला त फुगे येतात." कोणत्या एसीचं पाणी कुठून गळतं, हे ठरवण्यात महिना गेला. एकाही गाळेधारकाचा एसी गळत नव्हता. भिंत आपणहून ओली होत होती.

आणि मग मे. पारा ४५ ला. अशा तापलेल्या भिंतीवर रंग नीट पसरायच्या आतच सुकतो आणि पुढं पापडासारखा सुटतो. मला वाटलं, आता पुढचं अधिवेशन. पण आमचा म्हातारा पेंटर सकाळी सहाला आला, पश्चिमेच्या भिंतीवर तळवा ठेवला आणि डोळे मिटून पाचपर्यंत मोजलं.

"हात टिकला त रंग टिकते."

मीही ठेवून पाहिला. भिंत कोमट होती, कालच्या चहाच्या कपासारखी. मग रोज तसंच चाललं. सकाळी पश्चिम, दुपारी घरी, साडेचारनंतर पूर्व. खरवडणं, धुणं, भेगा भरणं, प्रायमर, मग दोन हात, सगळं सावलीच्या मागे मागे. मृगाच्या दोन दिवस आधी परांची उतरली. रिकामी दर्शनी भिंत पाहून माझा गळा खरंच दाटून आला.

दुसऱ्या दिवशी दुकानदारांनी बोर्ड परत लावले. साडी, चष्मे, मोबाइल, क्लासच्या पहिल्या आलेल्या मुलांचे हसरे फोटो. संध्याकाळी मी रस्ता ओलांडून पानठेल्यावर उभा राहिलो, एक डोळा मिटला आणि मोजलं. दर्शनी बाजूचा जेमतेम एक तृतीयांश रंग दिसत होता. बिलात बोर्डाखालचाही धरला होता. तिथं वजावट नाही.

जुलैत एक नेहमीचे काका आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आले. छत्री मिटत, वर पाहत म्हणाले, "भाऊ, बिल्डिंगला रंग केव्हा देऊन राहिले?"

मी मशीनवरून मान वर केली नाही.

"अधिवेशन झाल्यावर," म्हटलं.