‘औषध मारलंच नाही, नुसतं पाणी मारलं’ या तुमच्या तक्रारीबद्दल

नमस्कार सर,

आम्ही तुमच्या घरी केलेल्या वाळवीच्या औषधाच्या कामाबद्दल तुम्ही लिहिलेलं काल रात्री वाचलं. आमची कामाची मुलं अकराच्या ऐवजी दीड वाजता आली, लादीला भोकं पाडताना देवघरापर्यंत धूळ गेली, काम होऊन तिसऱ्या दिवशीही मागच्या दाराच्या चौकटीत वाळवी चालत होती आणि पहिल्या पावसात खिडकीखाली पंखांचा ढीग पडला, असं तुमचं म्हणणं. त्यावरून ‘या लोकांनी औषध मारलंच नाही, नुसतं पाणी मारून साडेआठ हजार घेतले’ असं लिहून तुम्ही एक स्टार दिलात. उशीर झाला आणि धूळ झाली, त्याबद्दल माफी मागतो. मे महिन्यात पावसाआधी सगळ्यांनाच काम करून हवं असतं, आधीच्या घरी वेळ लागला की पुढचं घर रखडतं. तरी तुमच्या घरच्यांना ताटकळत बसावं लागलं, याचं वाईट वाटतं.

पण पाणी मारलं, हे मी ऐकून घेऊ शकत नाही.

तुमचा सगळा संशय वासावरून आहे. घरात वास आला नाही, भिंतीवर डाग पडला नाही, म्हणून ते पाणी. सर, बुकिंगच्या वेळचं आपलं बोलणं आठवून बघा. गावच्या घरासाठी तुम्ही डोंबिवलीहून फोन केला होता आणि पहिलीच अट घातली होती की घरात दम्याचं माणूस आहे, वासाचं औषध अजिबात चालणार नाही. मी तेव्हाच सांगितलं की मग क्लोरपायरिफॉस नको, इमिडाक्लोप्रिड वापरू, थोडं महाग पडेल पण त्याला वास जवळजवळ नसतो. तुम्ही ‘चालेल, तेच करा’ म्हणालात. तुम्ही मागितलेलं औषध तुमच्या अटीप्रमाणे मारलं, आणि आता वास आला नाही म्हणून चारचौघांत मला लबाड ठरवलंत.

वास येतो तेच खरं औषध, हा समज आपल्याकडे फार जुना आहे आणि तो कुठून आला तेही मला ठाऊक आहे. एके काळी आल्ड्रिन, क्लोरडेन अशी औषधं जमिनीत ओतायचे. ती माणसांना आणि मातीला इतकी घातक निघाली की नव्वदच्या दशकात आपल्या देशात त्यांच्यावर बंदी आली. नंतर क्लोरपायरिफॉस २० ईसी, म्हणजे २० टक्क्यांचं पातळ औषध, सर्रास वापरात आलं. एक लिटर औषधात एकोणीस लिटर पाणी घातलं की ते दुधासारखं पांढरं होतं आणि त्याचा उग्र दर्प घरात बरेच दिवस राहतो. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना दुसरं काही औषध वाटतच नाही. इमिडाक्लोप्रिड ३०.५ एससी, म्हणजे ३०.५ टक्क्यांचं औषध, त्याचं प्रमाण लिटरभर पाण्याला २.१ मिली. म्हणजे पन्नास लिटरच्या ड्रममध्ये १०५ मिली, कटिंग चहाच्या ग्लासात मावेल एवढंच. शेजारच्या काकांनी तुम्हाला ‘ड्रममध्ये पाणीच होतं’ असं फोनवर सांगितलं असेल तर त्यांना दोष देत नाही. ड्रम पाण्याचाच दिसतो. पण बाटलीचं सील त्यांच्यासमोर फोडलं, मापटं त्यांच्यासमोर भरलं आणि रिकामी बाटली दाखवून मगच मुलांनी पिशवीत टाकली, हेही त्यांना विचारा. काम चाललं होतं तेव्हा तुम्ही तिथे नव्हतात, ते होते.

आणि नुसतं पाणीच मारायचं असतं तर एवढी भोकं पाडायची काय गरज होती? भिंत आणि लादी जिथे मिळते तिथे साधारण फुटाफुटावर १२ मिलिमीटरचं तिरपं भोक, प्रत्येक भोकात लिटरभर द्रावण, मग पांढऱ्या सिमेंटनं तोंड बंद. हे माप आम्ही मनानं ठरवलेलं नाही. बांधून झालेल्या घरासाठी वाळवीचा बंदोबस्त कसा करायचा, हे आयएस ६३१३ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात दिलेलं आहे, आम्ही तेच पाळतो. तुमच्या घरी आतून अशी १६० च्या आसपास भोकं झाली, शिवाय चौकटींना बारीक भोकं पाडून सिरिंजनं औषध भरलं ते वेगळं. वरवर फवारा मारून अर्ध्या तासात निघून जाणारेही आहेत आणि त्यांचा दर आमच्या निम्मा असतो. त्यांच्या कामाला धूळ होत नाही, हे खरं आहे.

आता तिसऱ्या दिवशी वाळवी जिवंत का दिसली ते सांगतो, कारण सगळा गैरसमज तिथेच झालाय. वाळवी तुमच्या चौकटीत राहत नाही, ती तिथे खायला येते. तिचं घर जमिनीत असतं. पावसाळ्यात आपल्याकडे वारुळांवर जी अळंबी येते, ती याच कुळातल्या वाळवीनं जमिनीखाली वाढवलेल्या बुरशीची असते, एवढा मोठा संसार तिथे आत असतो. जुन्या चिऱ्याच्या घरात मातीचे दर्जे, म्हणजे चिऱ्यांमधले मातीनं भरलेले सांधे, असले की ती त्यातूनच वर चढते, बाहेरून कळतही नाही. चौकटीतली शंभर-दोनशे मारली तर खालच्यांना काही फरक पडत नाही. इमिडाक्लोप्रिड वाळवीला ओळखता येत नाही, म्हणून ती औषध मारलेल्या मातीतून बिनधास्त ये-जा करते. लगेच मरत नाही. अंगाला लागलेलं, पोटात गेलेलं घेऊन ती परत जाते. वाळवी एकमेकींना चाटते, तोंडातून तोंडात भरवते, त्यातून ते इतरांपर्यंत पोचतं. याला काही आठवडे लागतात. पावतीच्या मागे मराठीत छापलंय की सुरुवातीला वाळवी दिसली तरी हात लावू नका, भिंतीवरच्या तिच्या मातीच्या नळ्या मोडू नका, दुसरं काही मारू नका.

तुम्ही तिसऱ्या दिवशी घरच्यांना सांगून झुरळांचा स्प्रे मारायला लावलात. हे तुम्हीच मला फोनवर सांगितलंत, म्हणून लिहितोय. त्या स्प्रेनं समोरची वाळवी मेली, पण मागची ती वाट सोडून दुसरीकडून फिरली. जी औषध घेऊन खाली जायची होती, तीच तुम्ही वाटेत मारलीत. मला त्या दिवशी एक फोन आधी केला असता तर मी पाया पडून नको म्हटलं असतं.

पंखांचं थोडक्यात सांगतो. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी पंखवाली वाळवी सगळ्या गावात उडते, दिव्यावर येते, पंख गाळते. ती बाहेरच्या वारुळांतून येते आणि ती कुठल्याच औषधानं थांबत नाही. त्या दिवसांत तासभर खिडक्या लावून घ्याव्या आणि बाहेरचा दिवा बंद ठेवावा. घरातल्याच भेगेतून पंखवाली बाहेर पडत असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तेव्हा लगेच कळवा.

आणखी एक. मागच्या पडवीत भिंतीला लागून जळणाची लाकडं आणि नारळाची सोडणं रचलेली आहेत. ती हलवायला मुलांनी सांगितलं होतं, ‘पावसात ठेवायची कुठे’ असं उत्तर मिळालं. अडचण समजते. पण भिंतीला टेकलेलं लाकूड असेल तर वाळवीला आमच्या औषधाच्या वरून घरात यायला पूल मिळतो, मग कोणीही कितीही औषध मारो. न्हाणीघराच्या पाइपची गळती तर तुम्हालाही माहीत आहे. ओल असेल तिथे ती येणारच.

हे सगळं इतकं लांबण लावून लिहायचं कारण आमचं पोट यावर आहे. माझ्याकडे कामाला गावातलीच चार मुलं आहेत. वर्षाची बरीचशी कमाई एप्रिल-मे आणि गणपतीच्या आधी होते. तुम्ही लिहिल्यापासून दोघांनी काम ठरवण्याआधी मला विचारलं, ‘तुम्ही पाणी मारता म्हणे?’ कृषी विभागाचा परवाना दुकानात भिंतीवर लावलेला आहे, औषधाचं बिल फाइलला आहे, बाटलीचा बॅच नंबर तुमच्या पावतीवर लिहिलेला आहे. हा धंदा कीटकनाशक कायदा, १९६८ खाली चालतो, औषधाच्या नावावर पाणी विकायची माझी टाप नाही आणि तशी वृत्तीही नाही. उशिरा आलात म्हणा, धूळ केलीत म्हणा, महाग आहात म्हणा, मी मान खाली घालून ऐकेन. चोरी केली असं म्हटलेलं सहन होत नाही.

यापुढे घराचे मालक गावात नसतील तर औषध मिसळतानाचे फोटो त्यांना पाठवायचं बघतोय, आणि वेळेचंही काहीतरी करतो.

तुमच्या कामाची वॉरंटी आहेच, ती स्प्रे मारला म्हणून मी नाकारलेली नाही. येत्या आठवड्यात पाऊस उघडला की एक मुलगा मागच्या दाराची चौकट आणि पडवीची भिंत पुन्हा बघून जाईल, लागेल तिथे औषध भरेल, त्याचे पैसे घेणार नाही. रेटिंग तुम्हाला हवं तेच राहू द्या, फक्त पाण्याचं ते वाक्य काढून टाका ही विनंती. आणि मुलगा येईपर्यंत लाकडं भिंतीपासून दोन हात लांब सरकवून घ्या, स्प्रे मारू नका, चौकट पुसू नका. येण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तुम्हाला आणि काकांना, दोघांनाही फोन करतो.

आपला,
मालक