‘सर्वे बंद करा, हॉस्पिटल बांधा’: फिरणाऱ्या मेसेजला मुद्द्यांवर उत्तर

गेले काही दिवस मराठवाड्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. गावच्या ग्रुपवर आहे, भावकीच्या ग्रुपवर आहे, जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवरही आहे. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: आशाताई आणि आरोग्यसेवक घरोघरी फिरून ताप-खोकला विचारतात, टाक्या बघतात, रक्त नि बेडका तपासायला नेतात, हा सगळा कागद भरायचा उद्योग आहे. सर्वे वाढले तसे रोग वाढले. साथ आलीच तर दवाखाने आहेत. डेंग्यूला धुरळणी पुरते. टीबीचा पेशंट आपल्या पायाने दवाखान्यात जातो. म्हणून सर्वे बंद करा आणि तो सगळा पैसा जिल्ह्याच्या मोठ्या हॉस्पिटलला द्या.

मेसेज लिहिणाऱ्याचा राग मी समजू शकतो. रात्री-अपरात्री पेशंट घेऊन साठ-सत्तर किलोमीटर जायचं आणि तिथे पोचल्यावर बेड नाही, औषध बाहेरून आणा, हे आपल्याकडे बहुतेक घरांनी सोसलंय. पण या रागापोटी जी मागणी केलीय ती मान्य झाली, तर त्याच हॉस्पिटलच्या दारात गर्दी वाढेल आणि माणसं आणखी उशिरा पोचतील. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘साथ आली तर दवाखाने आहेत, आधीपासून शोधत कशाला बसायचं?’

हे मराठवाड्यातल्या माणसाने तरी म्हणू नये. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबाद पट्ट्यात तर गावंच्या गावं गेली, पण बीड जिल्ह्यातही लोक तडे गेलेली घरं सोडून बाहेर राहू लागले. साठवलेलं धान्य आत राहिलं आणि उंदरांना रान मोकळं मिळालं, असा क्रम अभ्यासकांनी नंतर मांडला. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडू लागले, पिसवांनी लोक हैराण झाले. उंदीर पडायला लागले की गाव सोडून शेतात झोपड्या घालायच्या, हे आपल्या पणज्यांना पाठ होतं. महिनाअखेरीस माणसांना ताप भरून जांघेत आणि काखेत गाठी यायला लागल्या. तो ब्युबॉनिक प्लेग होता. भारतात प्रयोगशाळेने पक्का केलेला त्याआधीचा रुग्ण १९६६ चा. मधल्या २८ वर्षांत डॉक्टरांची एक अख्खी पिढी प्लेग न बघता तयार झाली होती.

सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग उसळला. तो मामल्याहूनच तिकडे गेला असं म्हणायला पक्का पुरावा नाही, आणि मी तसं म्हणतही नाही. पण दोन्हीकडे मिळून काय झालं ते बघा. लाखो लोक सुरत सोडून पळाले. परदेशांनी विमानं थांबवली, माल अडकला. रक्ताच्या चाचणीत पॉझिटिव्ह निघालेले म्हणून जागतिक आरोग्य संघटनेकडे नोंदले गेलेले संशयित रुग्ण होते ६९३ आणि मृत्यू ५६. मृत्यू बहुतेक सुरतेतले, रुग्णांत मात्र मोठा वाटा महाराष्ट्राचा.

आणि प्लेगवर औषध होतं! टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन, म्हणजे कुठल्याही तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळणाऱ्या स्वस्त गोळ्या. उपचार झाला नाही तर ब्युबॉनिक प्लेगमध्ये शंभरातले ३० ते ६० दगावतात आणि फुफ्फुसाच्या प्लेगमध्ये जवळपास कुणीच वाचत नाही. वेळेत गोळी पोटात गेली तर माणूस घरी परत येतो. म्हणजे सगळा खेळ वेळेचा आहे, आणि प्लेगमध्ये वेळेची पहिली खूण दवाखान्यात दिसत नाही, ती वळचणीला मरून पडलेल्या उंदरात दिसते. ती बघून वर कळवणारं माणूस गावातच लागतं.

त्या धक्क्यानंतर प्लेगची साथ का आली हे तपासायला रामलिंगस्वामी समिती बसली, आणि पुढे २००४ साली एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्यात उपकेंद्रातून लक्षणांची नोंद जाते, डॉक्टरांकडून संशयित निदानाची आणि प्रयोगशाळेतून पक्क्या निदानाची. २०२१ पासून हे ऑनलाइन झालंय. एकाच गल्लीत आठवड्याभरात जुलाबाचे पेशंट वाढले तर त्यातला प्रत्येक जण वेगळ्या डॉक्टरकडे जाऊन सलाईन लावून येतो, आणि कुठल्याच डॉक्टरला साथ दिसत नाही. गल्लीची नोंद एकत्र झाली तरच दिसतं की व्हॉल्व्हच्या खड्ड्यातून गटाराचं पाणी पाइपात शिरतंय. मग पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, मग पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघणारी ओटी टेस्ट, मग गळती बंद. एका प्लंबरच्या दिवसभराच्या कामाने जे थांबतं, त्यासाठी हॉस्पिटलचा वॉर्ड भरू द्यायचा का?

‘सर्वे वाढले तसे रोग वाढले’

सर्वेने रोग वाढत नाही, नोंद वाढते. कुष्ठरोगाचं उदाहरण पुरेसं आहे. २००५ अखेर देशपातळीवर कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. म्हणजे दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, इतकाच त्याचा अर्थ होता. पण घरोघरचा शोध ढिला पडला आणि आकडे छान दिसायला लागले. २०१६ मध्ये पुन्हा शोधमोहीम काढली तेव्हा देशभरात हजारो नवे रुग्ण सापडले. ते मोहिमेने तयार केले नव्हते. अंगावर बधिर चट्टा घेऊन ते घरीच बसले होते, आणि काहींची बोटं तोवर वाकडी झाली होती.

‘डेंग्यूला धुरळणी पुरते, टाक्या बघत फिरून काय होतं?’

यावर जरा सविस्तर लिहितो, कारण नेमकं इथेच आपलं वेगळेपण आहे.

मराठवाड्यात नळ रोज येत नाही. संभाजीनगरसारख्या मोठ्या शहरातही लोकांनी आठवडा-आठवडा पाण्याची वाट बघितलीय, आणि २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्यामुळे आपल्या प्रत्येक घरात पाण्याचा साठा असतो: अंगणात हौद, मोरीत रांजण, दाराशी निळे ड्रम, गच्चीवर टाकी. डेंग्यूचा एडीस डास नालीतल्या घाण पाण्यात वाढत नाही, तो नेमका असल्या स्वच्छ साठ्यात वाढतो. म्हणून पाऊस कमी पडला म्हणजे डेंग्यू कमी होईल हा हिशेब आपल्याकडे चुकतो. टंचाईत साठे वाढतात.

आता धुराचं मशीन काय करतं ते बघा. त्या क्षणी हवेत उडणारे डास मारतं. पण एडीस बहुतेक वेळ घरातच दबून असतो, खुंटीवरच्या कपड्यांमागे, पलंगाखाली, कपाटाच्या कडेला. मशीनचा आवाज आला की बायका धूर आत येऊ नये म्हणून पटापट दारं-खिडक्या लावतात, आणि ते साहजिक आहे. धूर रस्त्यावर, डास घरात, आणि ड्रममधल्या अळ्यांना तर काहीच होत नाही. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणजे धुरळणीच्या पुढच्या आठवड्यात नवी फौज तयार.

आशाताई ड्रममध्ये टॉर्च का मारते, हे एकदा तिच्या शेजारी उभं राहून बघावं. वरून पाणी नितळ दिसतं. उजेड पडला की पृष्ठभागाशी तिरक्या लटकलेल्या अळ्या वळवळत तळाकडे जातात. ती वाटीभर पाणी काढून घरच्या बाईच्या हातात देते, तेव्हा त्या बाईचा चेहरा बदलतो, कारण तेच पाणी ती लेकराला प्यायला देत होती. दहा भाषणांनी जे होत नाही ते त्या वाटीने होतं.

अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात. कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून उपयोग नाही, कडा घासाव्या लागतात. ‘कोरडा दिवस पाळा’ याचा खरा अर्थ हा आहे. मात्र एप्रिल-मेमध्ये टँकरचं पाणी ओतून द्या, असं कुणाला सांगायचं नाही. कुणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये. तिथे ड्रमला कापड घट्ट बांधणं, हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडणं, वापरायच्या पाण्यात अ‍ॅबेट हे अळ्या मारायचं औषध टाकणं हेच उपाय, आणि कोणत्या घरात कोणता चालेल हे घर बघितल्याशिवाय ठरत नाही. डेंग्यूचा डास फार लांब उडत नाही, शे-दोनशे मीटरच्या परिघातच फिरतो. तापाचा एक पेशंट सापडला की त्याच्या आजूबाजूची घरं तपासायची, एवढं नेमकं काम आहे. पण तो पेशंट सापडायला तर हवा.

‘टीबीवाला आपल्या पायाने दवाखान्यात जातो’

जात नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात लक्षणं असलेल्यांपैकी जवळपास ६४ टक्के लोक उपचारासाठी कुठेच गेले नव्हते. खोकला आहे, जाईल, तंबाखूने होतोय, कापूस वेचणी संपू द्या मग बघू. आणखी एक गोष्ट: त्या सर्वेत सापडलेल्या टीबी रुग्णांपैकी ४२ टक्क्यांहून अधिक जण छातीचा एक्स-रे काढला म्हणूनच कळले, नुसती लक्षणं विचारून ते सुटले असते. म्हणजे सर्वे कमी करायचा सोडा, तो एक्स-रेसकट गावात न्यायला हवा.

आपल्याकडे यात ऊसतोडीची भर. बीड, धाराशिव, जालना, परभणीतून दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात त्या उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. टीबीच्या साध्या उपचारालाही सहा महिने लागतात, म्हणजे जवळजवळ एक हंगाम. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर असताना कोयता सोडून कुणी सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभं राहत नाही. निघायच्या आधी घरी येऊन कुणी विचारलं, टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदीच्या निक्षय पोर्टलवर नाव चढलं, तरच ऊसतोडीच्या फडाजवळच्या केंद्रातून गोळ्या पुढे चालू राहू शकतात.

‘सगळा पैसा मोठ्या हॉस्पिटलला द्या’

हॉस्पिटलला पैसा द्यायलाच हवा. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २०२३ च्या ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या २४ तासांत २४ जण दगावले, त्यांत १२ नवजात बाळं होती. तिथली औषधं, माणसं, खाटा यांचे प्रश्न खरे आहेत आणि त्यावर कुणी पांघरूण घालू नये. पण त्याच रुग्णालयात हिंगोली, परभणी, यवतमाळ आणि पलीकडे तेलंगणातूनही पेशंट येतात, आणि बरेच येतात ते शेवटच्या अवस्थेत. कमी दिवसांचं, कमी वजनाचं बाळ तिथे पोचेपर्यंत त्याची आई नऊ महिने गावात होती. तिचं हिमोग्लोबिन किती, बीपी किती, हे बघायची जागा उपकेंद्र. ते काम नांदेडमध्ये कितीही मजले चढवले तरी होणार नाही.

बीडचं दुसरं उदाहरण तर या मेसेजचा पायाच काढून घेतं. ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली जातात, अशी ओरड २०१९ मध्ये झाली. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि घरोघरी विचारपूस झाली. ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सुमारे १७ टक्के. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण साधारण ३ टक्के आहे. या बायकांना दवाखाना मिळाला नव्हता असं नाही. दवाखाना मिळाला, बिल भरलं, ऑपरेशन झालं. पांढरं जाणं, पोटात दुखणं, फडावर पाणी नाही, आडोसा नाही, पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, हे सगळं आधी कुणी विचारलं असतं तर त्यांतल्या किती जणी वाचल्या असत्या? एकेका हॉस्पिटलला आपापली ऑपरेशनं दिसत होती. सगळ्यांची मिळून बेरीज दारोदार जाऊन विचारल्यावरच पुढे आली.

‘नुसते कागद भरतात’

यात तथ्य आहे, आणि इथे मी मेसेज लिहिणाऱ्याच्या बाजूने आहे. आशाताई पगारी नाही, तिला कामागणिक मोबदला मिळतो आणि तोही लांबतो. एकाच घरची माहिती तीन रजिस्टरांत नि दोन अ‍ॅपमध्ये भरायची, रेंज नसेल तर रात्री गच्चीवर चढून भरायची. वरून विचारणा होते ती फॉर्म किती झाले याची. आणि ज्या गावाची माहिती, त्या गावाला ती कधी परत मिळत नाही. लोकांना हा खेळ वाटला तर दोष लोकांचा नाही.

पण यावरचा इलाज बीडला लागून असलेल्या जामखेडला होऊन गेलाय. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने तिथे काम सुरू केलं तेव्हा गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना शिकवून उभं केलं. त्या वजन करायच्या, नोंदी ठेवायच्या, बाळंतपण करायच्या, आणि त्यांनी जमवलेल्या माहितीवर गाव बसून ठरवायचं की आधी विहीर की आधी लसीकरण. नोंद गावाची होती आणि गावातच वापरली जायची.

तेव्हा मागायचं असेल तर हे मागा. येत्या ग्रामसभेत आरोग्यसेवकाला बोलवा. गेल्या तीन महिन्यांत तापाचे, जुलाबाचे, टीबीचे किती रुग्ण निघाले ते वाचून दाखवायला सांगा, नावं न घेता. ओटी टेस्टची वही बघा, रोज भरलीय की महिन्याच्या शेवटी एकाच पेनने. ग्रामपंचायतीला पाण्याच्या शुद्धतेचं कार्ड कोणतं मिळालंय, हिरवं, पिवळं की लाल, ते विचारा, आणि पिवळं किंवा लाल असेल तर कारण इतिवृत्तात लिहून घ्या. आशाताईचा मोबदला किती महिन्यांचा थकलाय तेही त्याच सभेत विचारा आणि त्याचा ठराव करून तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठवा.