पोराला गळ टाकायला नेताय? मग मासा मरतो तेही दाखवा

पाऊस ओसरला, नद्यांचं गढूळ पाणी निवळायला लागलं की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "पोराला मासे पकडायला न्यायचंय, नाशकात कुठं नेऊ?" जागा मी आनंदाने सांगतो. पण कसं न्यायचं हे कुणी विचारत नाही, आणि मला तेच सांगायचंय.

मुलाला पहिल्यांदा गळाला नेताय ना, तर सगळं दाखवा. पाणी, गांडूळ, मासा, आणि मासा मरतो तेही. शेवटचं लपवायचं असेल तर नेऊच नका.

हल्ली हौशी आईबाप पोरांना शहराबाहेरच्या कृषी पर्यटनाच्या तळ्यांवर नेतात. तळं माशांनी खच्चून भरलेलं. गळ पाण्यात पडायचा अवकाश, मासा लागलाच. फोटो निघतो, मासा बादलीत जातो, बादली कुणीतरी मागच्या बाजूला घेऊन जातं आणि थोड्या वेळाने ताटात तळलेली तुकडी येते. बादली आणि ताट यांच्या मधे काय झालं, ते पोराला कुणी सांगत नाही. "हा तो नाही रे, हा दुसरा मासा आहे" असं एका बापाला सांगताना मी स्वतः ऐकलंय. सहा-सात वर्षांचं पोर खुळं नसतं हो. त्याला सगळं समजतं. यातलं काय विचारायचं नाही, तेही समजतं, आणि ते फार वाईट.

माझ्या भाचीला मी गावाकडे दारणेवर नेलं. मुद्दाम नदीवर, धरणावर नाही. धरणाच्या काठचा गाळ फसवा असतो. वरून वाळून भेगाळलेला दिसतो, आणि पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. शिवाय धरणांमधली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सोसायट्यांकडे ठेक्याने असते. मत्स्यबीज त्यांनी सोडलेलं असतं, घर त्यावर चालतं. त्यांना विचारल्याशिवाय तिथं काठी टाकणं मला पटत नाही. नांदूरमध्यमेश्वरला तर गळ नेऊच नका. ते पक्ष्यांचं अभयारण्य आहे, २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगभरात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. तिथं पोराला न्या, जरूर न्या, पण दुर्बीण घेऊन.

नदीवर जाताना वरच्या धरणातून पाणी सोडलंय का, याची चौकशी आधी करायची. गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला की गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं ते अख्खं नाशिक बघायला जातं, पण वरच्या अंगाचे काठ त्याच्या आधीच पाण्याखाली गेलेले असतात. मूल आणि पाणी यांच्यामध्ये एक मोठं माणूस कायम हवं, आणि त्या माणसाच्या हातात ना काठी हवी, ना मोबाईल.

सामान काही लागत नाही. बांबूची हलकी काठी, काठीएवढंच तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, बारका गळ, शिशाची एक गोळी आणि तरंगायला जुन्या स्लीपरच्या रबराचा तुकडा. रीळवाला रॉड पहिल्यांदा नकोच, सगळा वेळ गुंता सोडवण्यात जातो. गळाच्या टोकाशी एक उलटा काटा असतो, मासा सुटू नये म्हणून. तो घरीच पकडीने दाबून सपाट करा. पोराच्या बोटात गळ घुसलाच तर सरळ निघतो, आणि मासा सोडून द्यायचा झाला तर त्याचं तोंड फाटत नाही. असे मासे निसटतातही जास्त. निसटू देत की.

गांडूळ गळाला लावताना भाचीने विचारलं, "मामा, त्याला दुखतंय का?" मी म्हटलं, "वळवळतंय ना, म्हणजे काहीतरी होत असणार." तिने गांडूळ मातीत परत ठेवायला लावलं. मग कणकेच्या गोळ्या केल्या. कणकेलाही मासे येतात, काही अडत नाही.

पहिला मासा बोटाएवढा होता, चंदेरी. हात ओले करून मगच धरायला लावला, कारण माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं रोगांपासूनचं संरक्षण असतं आणि कोरड्या हाताने तो निघून येतो. त्याच्या कुशीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक ठिपक्यांची रेघ जाते, ती दाखवली. पाण्यातली हालचाल मासा त्या रेघेने ओळखतो, म्हणून काठावर पाय आपटायचा नाही. मग कल्ला जरासा उघडून आतली लाल झालर दाखवली. पाण्यात ती झालर मोकळी असते, बाहेर काढली की पदर एकमेकांना चिकटतात, म्हणून एवढी हवा असूनही मासा गुदमरतो. एवढं ऐकलं आणि तिने तो घाईघाईने पाण्यात सोडला. मी काही बोललो नाही. बारक्या माशाचं तेच करायचं असतं.

नंतर तळहाताएवढी चिलापी लागली. चिलापी म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणली गेली आणि आता जिकडेतिकडे झाली. आपल्या नदीतल्या माशांची जागा ती खाते, त्यामुळे ती परत सोडायची नाही असं माझं मत आहे. भाचीला सांगितलं, ही आपण घरी नेणार, म्हणजे आता मारावी लागणार. बघायचं नसेल तर तोंड फिरव. तिने फिरवलं नाही. डोळ्यांच्या जरा मागे, डोक्यावर काठीच्या बुडख्याचा एकच जोरकस टोला. "मेला?" म्हणाली. "हो, मेला. मी मारला." रडली. रडू दिलं.

याबाबतीत मी हट्टी आहे. काठाकाठाने लोक जिवंत मासे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबतात आणि ते तासभर तडफडत असतात, शेजारी पोरं चिप्स खात बसलेली. मारलेलं पोराला दिसू नये म्हणून तडफडणं दाखवायचं, हे कुठलं शहाणपण? खायचा असेल तर लगेच मारा, नसेल तर लगेच सोडा.

घरी साफ करताना ती शेजारी येऊन बसली. पोटातली हवेची पांढरी पिशवी बोटाने दाबून बघितली, तिच्यामुळे मासा पाण्यात हव्या त्या खोलीवर राहतो हे ऐकलं. ताईने कालवण केलं. पोरीने भाताबरोबर रस्सा खाल्ला, तुकडी बाजूला ठेवली. कुणी आग्रह केला नाही, करूही नये. पुढे ती मासे खाईल की सोडेल, तिचं ती ठरवेल.

जाळं टाकणारं कुणी भेटलं तर पोराला त्यांच्याजवळ नेऊन बसवा. आम्हाला एक म्हातारे बाबा भेटले, फेकजाळं आवरत होते. त्यांनी एका चिलापीचा जबडा उघडून दाखवला, आत पिवळसर अंडी भरलेली. मादी पिल्लं निघेपर्यंत ती तोंडात सांभाळते. भाची म्हणाली, "मग ती जेवते कधी?" बाबा म्हणाले, "नाही जेवत, बाळा. बसती तशीच उपाशी." अशा माणसांना आपण "काय बाबा, किती किलो?" एवढंच विचारतो. कर्नल साईक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं छापली, तेव्हा खडशी, मळ्या, शिंगटी ही इथल्या लोकांच्या तोंडातलीच नावं त्याने लॅटिनमध्ये घातली आणि ती आजही जगभर चालतात. तेव्हा ओळख करून घ्यायची तर यांच्याकडून.

आणि वेळ. जूनमध्ये पहिल्या पावसाला इगतपुरी, त्र्यंबककडे चढणीचे मासे निघतात, ओढ्यांमधून भातखाचरापर्यंत वर चढतात. हाताने धरता येतात, म्हणून नाशिकहून गाड्या भरभरून लोक जातात आणि पोरांनाही नेतात. ते अंडी घालायला निघालेले मासे असतात, पोटं भरलेली. तिथल्या आदिवासी घरांना वर्षातून एकदा मिळणारं ते अन्न आहे, त्यांच्याविषयी माझं काही म्हणणं नाही. पण आपण, ज्यांना बाजारात बारा महिने मासा मिळतो, त्यांनी पोराचा पहिला मासा असा धरायला लावू नये. दसरा-दिवाळीपर्यंत थांबा, पाणीही स्वच्छ असतं.

शहराच्या खालच्या अंगाला, जिथं नाल्यांचं पाणी गोदावरीत येतं, तिथला मासा खाऊ नका. आणि निघताना तुटलेलं तंगूस वेचून घरी आणा, एक इंचसुद्धा मागे नको. पाणकावळे आणि बगळे त्यात पाय अडकून मरतात. हे काम पोरालाच द्या, फार मनापासून करतात.

दिवाळीच्या सुट्टीत कुणाला पोरं घेऊन दारणेवर यायचं असेल तर इथंच सांगा. काठ्या माझ्याकडे आहेत, गळाचे काटे दाबून ठेवतो. कणीक तेवढी घरून आणा.