पाच महिन्यांच्या पिल्लाला नसबंदीसाठी ऑपरेशनच्या टेबलवर कशाला नेता?

आज दुपारपासून डोक्यात तिडीक गेली ती अजून उतरली नाही, म्हणून लिहून राहिली. पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगते.

बोक्याच्या इंजेक्शनसाठी दवाखान्यात गेली होती. बाकावर शेजारी कॉलेजातला एक पोट्टा, मांडीवर मॅलिनॉइज या कामाच्या जातीच्या कुत्र्याचं पिल्लू, चार-पाच महिन्यांचं असेल. गळ्यात प्लास्टिकची ती कॉलर, पोटाखाली ताजे टाके. पंजे पाहिले तर हे एवढाले, म्हणजे अजून केवढं वाढायचं होतं त्याला. म्हटलं एवढ्या लवकर काहून केलं रे बाबा, तर म्हणे काकू, जबाबदार पेट पेरेंट असंच करतात, आणि शांतही होतो ना. मी पुढे काही बोलली नाही. तळहातावर पाणी घेऊन पाजत होता त्याला, जीव लावणारा पोरगा होता. राग त्याच्यावर नाहीच. ज्यांनी त्याच्या डोक्यात हे भरलं त्यांच्यावर आहे.

कारण मी वाघीला पाहिलं आहे.

वाघी म्हणजे ताईकडची जर्मन शेफर्ड. काटोलकडे भाऊजींची संत्र्याची बाग आहे, रानडुकरांचा त्रास, म्हणून चांगल्या कामाच्या लाइनमधलं, म्हणजे कामासाठीच जोपासलेल्या वंशातलं पिल्लू आणलं. शोसाठी पाळतात ते पाठ उतरलेले शेफर्ड नाही, सरळ पाठीची, कान सतत उभे. देणाऱ्याची अट होती, सहा महिन्यांच्या आत स्पे करायची, म्हणजे गर्भपिशवी आणि अंडाशय काढून टाकायचे, नाहीतर पिल्लू परत. डॉक्टरही म्हणाले काही फरक पडत नाही, लहानपणी जखम लवकर भरते. झालं, पाचव्या महिन्यात ऑपरेशन. त्यानंतर वाघी नुसती उंच होत गेली, पाय लांबच लांब, अंग भरेना. लोक म्हणायचे वा, काय हाइट आहे!

ती हाइट कुठून येते माहीत आहे का? पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या पट्ट्या असतात, तिथून हाड वाढतं. या पट्ट्या बंद व्हायचा सिग्नल वयात येताना सुटणाऱ्या हार्मोन्सकडून मिळतो. अंडाशय किंवा अंडकोष आधीच काढले की सिग्नलच नाही, पट्ट्या जास्त दिवस उघड्या, हाड वाढतच राहतं. बरं सगळ्या पट्ट्या एकाच वेळी बंद होत नाहीत, म्हणून मांडीचं हाड आणि नळी यांचं प्रमाण बिघडतं, गुडघ्याचा कोन बदलतो आणि सगळा ताण आतल्या लिगामेंटवर, म्हणजे हाडांना धरून ठेवणाऱ्या दोरीवर येतो. स्लॅब पक्का व्हायच्या आधी सेंटरिंग काढून घेतल्यासारखं आहे हे. सोफ्यावर झोपणाऱ्या कुत्र्याचं एखाद वेळेस निभून जाईल, पण ज्याला रात्रभर पळायचं, उड्या मारायच्या, जागच्या जागी वळायचं, त्याचं काय?

वाघी तीन वर्षांचीही झाली नव्हती तेव्हा डुकरांच्या मागे धुऱ्यावरून उडी मारली आणि मागचा पाय गेला. भाऊजी सांगतात, ती ओरडली नाही, फक्त थांबली आणि वळून पायाकडे पाहत राहिली. गुडघ्यातलं क्रूशिएट लिगामेंट तुटलं होतं.

आता कोणी म्हणेल एका कुत्रीवरून काय सांगतेस. तर 2016 मध्ये अमेरिकेत डेव्हिसच्या युनिव्हर्सिटीने जर्मन शेफर्डचाच अभ्यास केला होता. ऑपरेशन न केलेल्या नरांत सांध्यांचे आजार 7 टक्के, वर्षाच्या आत केलेल्यांत 21. माद्यांत 5 आणि 16. त्याच लोकांनी 2020 मध्ये आणखी पुष्कळ जाती तपासल्या आणि शेफर्डसाठी दोन वर्षं थांबा म्हणून सांगितलं. छोट्या जातींत सांध्यांचा फरक फारसा दिसला नाही, मान्य. पण म्हणूनच तर म्हणते, पगचा नियम मॅलिनॉइजला कशाला लावता?

आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांचा विषय इथे आणू नका हात जोडते. त्यांची नसबंदी झालीच पाहिजे, त्यासाठी सरकारचे एबीसी (ॲनिमल बर्थ कंट्रोल) रूल्स आहेत, ते काम करणाऱ्यांना माझा सलाम. त्यांच्या मागे दार बंद करणारं कोणी नसतं. तुमच्या पिल्लाला कंपाउंड आहे, पट्टा आहे, तुम्ही आहात!

खरं सांगू, मला त्या अटीचाच सगळ्यात जास्त राग येतो. पिल्लू देणारा म्हणतो जबाबदारी, पण कित्येकदा पोटात हेच असतं की दुसऱ्या कोणी याच लाइनची पिल्लं काढू नये, धंदा आपलाच राहावा. आणि त्यासाठी हाडं कोणाची? वाघीची.

"शांत होतो" हे तर सोडूनच द्या. 2022 मध्ये बारामुल्लात दहशतवाद्यांशी चकमकीत आपल्या लष्कराचा कुत्रा ॲक्सल गेला, तोही मॅलिनॉइज, तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले. मग तीच जात फ्लॅटमध्ये आणायची, दिवसातून दोनदा खाली फिरवायची आणि उड्या मारतो म्हणून कापायचं? ती ऊर्जा अंडकोषात नसते बाप्पा, पिढ्यानपिढ्या कामासाठी निवडून निवडून आणलेली आहे. त्याला काम द्या. वास काढायला लावा, डोकं थकवा, सकाळी ऊन चढायच्या आत पळवा.

हो, पहिल्या माजाच्या आधी स्पे केली तर स्तनाच्या गाठींचा धोका बराच कमी होतो, हे डॉक्टर सांगतात ते खोटं नाही. गर्भपिशवीत पू होतो तेव्हा जीवही जातो. कधीच करू नका असं मी म्हणतच नाही. वाढ होऊ द्या, दीड-दोन वर्षांनी करा, तोवर माज आला की तीन आठवडे डोळ्यात तेल घालून सांभाळा. तेवढंही जमत नसेल तर कामाच्या लाइनचं कुत्रं आणू नका, स्पष्टच बोलते.

वाघी आता बागेत फिरते पण हळू. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तरी बसताना तो पाय बाहेर काढून बसते. दुसरं असं की झोपेत तिला लघवी होते. लवकर स्पे केलेल्या मोठ्या जातीच्या माद्यांत हेही होतं. उठली की ओलं पोतं हुंगते आणि कान पाडून कोपऱ्यात जाऊन उभी राहते, जसं काही तिचंच चुकलं. ताई काही न बोलता पोतं बदलते, तिच्या डोक्यावरून हात फिरवते. एवढी स्वच्छ कुत्री हो. लहान होती तेव्हाही कधी ओसरीवर घाण केली नाही तिने. लिहिता लिहिता माझंच मन भरून आलं, जाऊ द्या.

पोळ्याच्या सुमारास ताईकडे नवीन पिल्लू येऊन राहिलं, मादीच आहे, यावेळी भाऊजींनी कसलीच अट मान्य केली नाही. तिची वाढ पूर्ण झाली की फक्त गर्भपिशवी काढून अंडाशय तसंच ठेवायचं असं ठरलं आहे. माज येत राहील पण पिल्लं होणार नाहीत आणि हार्मोन शाबूत. नरांतही अंडकोष तसेच ठेवून नुसती नस बांधता येते. नागपुरात किंवा आसपास असं ऑपरेशन हातचं असलेले डॉक्टर ओळखीत असतील तर मला इनबॉक्स करा. काटोलहून गाडीत घालून आणायची आमची तयारी आहे.